जुनी फर्नेस बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातली फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घरभर गरम हवा खेळवणारी भट्टी, काढून विजेवर चालणारा हीट पंप बसवला त्याला तीन हिवाळे झाले. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाची फर्नेस कुरकुरायला लागली की मला फोन येतो. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देत असल्यामुळे ती इथे लिहून ठेवली आहेत. मी तंत्रज्ञ नाही. बदलण्याआधी वर्षभर या विषयात डोकं घातलं आणि त्यात दोन-तीन चुका होता होता राहिल्या, एवढंच माझं भांडवल.

आमची फर्नेस अठरा वर्षांची आहे, पण चालते आहे. बदलायलाच हवी का?

नुसत्या वयासाठी नको. साधारण १५ ते २० वर्षं हे फर्नेसचं आयुष्य धरतात. नीट देखभाल झालेली त्याहून जास्तही चालते. पण पंधरा वर्षं उलटल्यावर एखादी मोठी दुरुस्ती निघाली आणि तिचा खर्च नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जात असेल, तर मी दुरुस्ती करणार नाही. पंख्याची मोटर बदलावी तर पुढच्या वर्षी गॅसचा व्हॉल्व्ह जातो, मग कंट्रोल बोर्ड. जुन्या गाडीसारखंच हे.

चालते आहे तोवरच विचार सुरू करा, असं मात्र मी आवर्जून सांगेन. फर्नेस बंद पडते ती कडाक्याच्या थंडीत, कारण तेव्हाच ती सगळ्यात जास्त राबत असते. घरात मुलं कुडकुडत असताना माणूस तुलना करत बसत नाही. कंत्राटदाराच्या गोदामात जे पडलं असेल ते घेतो, बहुतेक वेळा जुन्याच मापाचं. पुढची पंधरा-वीस वर्षं मग त्या एका रात्रीचा निर्णय भोगायचा. कोटेशनं उन्हाळ्यात मागवावीत. कंत्राटदारांनाही तेव्हा बोलायला वेळ असतो.

हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय असं सांगितलं. हे घाबरवणं तर नाही?

कधीकधी असतंही. तडा कुठे आहे तो दाखवा म्हणावं; कॅमेऱ्यातून फोटो काढता येतो. पण तडा खरा असेल तर घासाघीस करू नका. हीट एक्स्चेंजर म्हणजे धातूची ती पोकळ भिंत, जिच्या आतून जळलेला वायू जातो आणि बाहेरून तुमच्या खोल्यांमधली हवा. वर्षानुवर्षं तापून-निवून धातू थकतो. भिंत फुटली की आगीचा आणि घरातल्या हवेचा संबंध येतो आणि जळलेल्या वायूतला विषारी कार्बन मोनॉक्साइड खोल्यांत शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी. घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं आणि परत आल्यावर पुन्हा तेच, असं झालं तर ती सर्दी-तापाची लक्षणं समजून झोपू नका. आधी सगळ्यांनी बाहेर पडा, मग फोन करा.

निळी ज्योत पिवळी पडून लवलवायला लागली तरी माणूस बोलवा. आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असू द्या. त्या अलार्मलाही मुदत असते, मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं. मागच्या बाजूला छापलेली असते, आणि ती कुणीच बघत नाही.

८० टक्के, ९६ टक्के हे आकडे नेमके कसले?

हा आकडा एएफयूई म्हणून छापतात. वर्षभरात जाळलेल्या इंधनातली किती उष्णता घरासाठी हाती लागली, त्याची ती टक्केवारी. सतत जळणारी पायलट ज्योत असलेल्या जुन्या फर्नेस ५६ ते ७० टक्क्यांच्या आसपास असत. नंतरच्या पिढीच्या ८० ते ८३. आताच्या कंडेन्सिंग फर्नेस ९० ते ९८.

ऐंशीवरून एकदम नव्वदच्या पुढे उडी का, मधले आकडे गेले कुठे, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर पाण्यात आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. जुनी फर्नेस ती वाफ चिमणीतून सोडून देते आणि तिच्यासोबत इंधनातली साधारण १० टक्के उष्णता जाते. कंडेन्सिंग फर्नेसमध्ये आणखी एक हीट एक्स्चेंजर असतो. तो त्या वायूला इतका थंड करतो की वाफेचं पाणी होतं आणि वाफेत दडलेली उष्णता घराला मिळते. पाणी करायचं तर वायू ५५ अंशांच्या खाली आणावा लागतो. म्हणून एक तर वाफ जाऊ द्यायची, नाहीतर पुरती पकडायची. अर्धवट पकडली तर ते आम्लयुक्त पाणी साध्या पत्र्याची चिमणी खाऊन टाकतं.

बचतीचा हिशेब करताना लोक ९६ मधून ८० वजा करून १६ टक्के म्हणतात. ते चूक. बरोबर हिशेब असा: १ वजा (८० भागिले ९६), म्हणजे जवळपास १७ टक्के इंधन कमी. ६५ टक्केवाली जुनी फर्नेस असेल तर बचत ३२ टक्के. या आकड्यात पंख्याची वीज धरलेली नसते आणि डक्टमधून, म्हणजे गरम हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या नळांमधून, वाटेत सांडणारी उष्णताही नाही. त्याबद्दल पुढे.

हीट पंप ३०० टक्के कार्यक्षम असतो म्हणतात. शंभराच्या वर कसं जाईल?

कारण तो उष्णता तयार करत नाही, उचलून आणतो. फ्रिजच्या मागे हात लावून बघा: आतली उष्णता बाहेर काढून टाकलेली असते. हीट पंप हेच काम घराबाहेरच्या हवेबरोबर करतो. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच मांडली होती.

उणे १५ अंशांच्या हवेत कसली आली उष्णता, असं वाटणं साहजिक आहे. पण उष्णता संपते ती उणे २७३ अंशांना. त्या मानाने उणे १५ म्हणजे चांगलंच गरम. यंत्रात फिरणारा रेफ्रिजरंट वायूही तसाच निवडलेला असतो. आर-३२ हा वातावरणाच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे बाहेरची बर्फगार हवासुद्धा त्याला उकळवायला पुरते. मग कॉम्प्रेसर त्याचा दाब वाढवतो, दाबाबरोबर तापमान चढतं आणि ती उष्णता घरात सोडली जाते. खर्च होतो तो फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्यांच्या विजेचा.

एक युनिट वीज घालून तीन युनिट उष्णता मिळाली तर सीओपी ३. हवेवर चालणाऱ्या चांगल्या पंपाचा सीओपी बाहेर ७-८ अंश असताना ३ ते ४ असतो, उणे १५ ला तो २ च्या आसपास येतो. थंड हवामानासाठी बनवलेले पंप उणे २५ पर्यंत चालतात. थंडी वाढली की सीओपीही उतरतो आणि पंपाची ताकदही. विक्रेता नुसता ८ अंशांचा आकडा सांगत असेल तर उणे १५ चा विचारा. तो तक्त्यात असतोच.

पण त्याची हवा कोमट लागते म्हणे?

लागते, खोटं नाही. फर्नेसच्या जाळीतून ५० अंशांच्या वर तापलेली हवा येते. पंपाची ३२ ते ४० अंशांची. आपल्या कातडीचं तापमानच ३३ च्या आसपास असतं, त्यामुळे जाळीवर हात धरला तर ती हवा गार वाटू शकते. खोलीचं तापमान मात्र २० वर असतं, कारण पंप जास्त हवा जास्त वेळ फिरवतो. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस आईची तक्रार होती की जाळीजवळ उभं राहून पाय शेकता येत नाहीत. ती सोय गेली खरी. पण पहाटे फर्नेस धडाडून सुरू होणं आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पाय गार पडणं, हेही गेलं.

बाहेरच्या युनिटमधून मधूनच धूर येतो!

ती वाफ असते. दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर हिमाचा थर बसतो. तो वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो आणि घरातली थोडी उष्णता बाहेर आणतो. याला डिफ्रॉस्ट म्हणतात. पंखा थांबतो, फुस्स असा आवाज येतो, वाफेचा लोट उठतो. पहिल्यांदा बघताना छातीत धस्स होतं. काळजी करायची ती कॉइलवर बर्फाची लादी तासन्‌तास तशीच राहिली तर. युनिट जमिनीपासून उंच स्टँडवर बसवून घ्या. वितळलेलं पाणी खालीच गोठतं आणि साचलेला बर्फही वर चढत येतो.

वीज गॅसपेक्षा महाग आहे. मग परवडणार कसं?

दोन बिलं समोर ठेवा. दोन्हींचा दर एकाच मापात आणा. विजेचं बिल युनिटमध्ये असतं. गॅसचं घनमीटरमध्ये असेल तर एका घनमीटरला साधारण साडेदहा युनिट धरा, थर्ममध्ये असेल तर एका थर्मला २९.३. आता विजेच्या एका युनिटचा दर गॅसच्या एका युनिटच्या किती पट आहे ते काढा. त्या पटीला फर्नेसच्या कार्यक्षमतेने गुणा. येईल तो आकडा म्हणजे पंपाचा हंगामभराचा सरासरी सीओपी किमान किती हवा, त्याचं उत्तर.

समजा वीज तिप्पट महाग आहे. नव्या ९६ टक्केवाल्या फर्नेसशी तुलना केली तर ३ गुणिले ०.९६, म्हणजे २.८८. सौम्य हिवाळ्यात हे सहज जमतं, कडक हिवाळ्यात काठावर. पण तुमच्या आत्ताच्या ७० टक्केवाल्या फर्नेसशी तुलना केली तर २.१ पुरे. वीज चौपट किंवा पाचपट असेल तर नुसत्या पैशांच्या हिशेबात गॅसची कंडेन्सिंग फर्नेस पुढे जाते, हे सरळ मान्य करावं. उलट आज तुम्ही तेल, प्रोपेन किंवा साध्या विजेच्या हीटरवर घर तापवत असाल तर पंप बहुधा जिंकतो. विजेचा हीटर शंभर टक्के कार्यक्षम असतो हे खरं, पण एका युनिटला एकच युनिट देतो.

गॅसच्या बिलात वापर शून्य असला तरी लागणारी ठरावीक रक्कम असते. घरातला गॅस पूर्ण बंद होणार असेल तर तीही वाचते. हिशेबात ती बहुतेकजण विसरतात.

केवढ्या क्षमतेचं यंत्र घ्यावं?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि सगळ्यात निष्काळजीपणे सोडवला जाणाराही. आमच्याकडे तीन कंत्राटदार येऊन गेले. पहिल्या दोघांनी बेसमेंटमध्ये जाऊन जुन्या फर्नेसवरची पट्टी वाचली आणि तेवढ्याच मापाचं कोटेशन दिलं. एकाने तर “थोडी मोठीच घेऊ, उगाच कमी पडायला नको” असं म्हणत आणखी एक माप वर चढवलं. तिसऱ्याने टेप काढून खिडक्या मोजल्या, माळ्यावर डोकं घालून इन्सुलेशनची जाडी बघितली आणि दोन दिवसांनी हिशेब पाठवला. त्याचा आकडा जुन्या यंत्राच्या निम्म्यापेक्षा कमी होता. माझा विश्वास बसेना.

म्हणून मी स्वतः मोजायचं ठरवलं. हंगामातल्या सगळ्यात थंड रात्रींपैकी एक निवडली; बाहेर उणे १४, घरात २०. थर्मोस्टॅट रात्रभर एकाच आकड्यावर ठेवला. पहाटे दोन ते पाच बेसमेंटच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसलो आणि फर्नेस कधी पेटली, कधी विझली ते वहीत लिहिलं. पेटली २:०७, विझली २:१५. पेटली २:२८, विझली २:३६. तीन तासांचं हेच रडगाणं. सरासरी काढली तर तासातली २४ मिनिटं ती जळत होती.

पट्टीवर लिहिलं होतं तासाला १,००,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एक माप). ते इंधनाचं माप. ८० टक्के धरले तर घराला ८०,००० बीटीयू, म्हणजे साडेतेवीस किलोवॅटच्या जवळपास. (१ किलोवॅट म्हणजे तासाला ३,४१२ बीटीयू.) तासातली २४ मिनिटं म्हणजे ४० टक्के. म्हणजे उणे १४ ला माझ्या घराची गरज होती जेमतेम साडेनऊ किलोवॅट! आमच्या भागात हिशेबाला धरतात ते तापमान उणे १८. घरातून निसटणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणून ३४ अंशांच्या फरकाचा आकडा ३८ ला नेला. साडेदहा किलोवॅट. तिसऱ्या कंत्राटदाराचा हिशेब यापासून फार लांब नव्हता. काम त्यालाच दिलं.

ही पद्धत एकाच वेगाने जळणाऱ्या फर्नेसला लागू पडते. रात्रीच मोजायचं, म्हणजे उन्हाची, स्वयंपाकाची, माणसांच्या उबेची लुडबूड कमी होते. जुनी फर्नेस पट्टीवरच्या आकड्याइतकी कार्यक्षम राहिलेली नसते, त्यामुळे चूक झालीच तर आकडा थोडा मोठा येतो, आणि ती चूक चालण्यासारखी आहे.

मोठं घेतलं तर बिघडतं काय? यंत्र भसकन तापवतं, बंद होतं, पुन्हा सुरू होतं. थर्मोस्टॅटजवळची खोली उकडते आणि टोकाची गारच राहते. सुरू-बंद होण्यात भाग झिजतात. हीट पंपाच्या बाबतीत तर मोठ्या मापाचं यंत्र सौम्य दिवसांत धड हळूही चालू शकत नाही. एसी घेताना आपण टनात बोलतो, तोच टन इथेही आहे: १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साडेतीन किलोवॅट. फक्त हीट पंपाचा टन ज्या तापमानाला मोजला, ते तुमच्या थंडीचं आहे का, ते बघा.

आधी इन्सुलेशन की आधी यंत्र?

इन्सुलेशन. उलट केलं तर जे घर पुढच्या वर्षी सुधारणार आहे त्याच्या जुन्या गरजेचं यंत्र तुम्ही आज विकत घेता. आणि इन्सुलेशनच्याही आधी फटी. दारात पंखा बसवून घरातली हवा ओढतात आणि ५० पास्कल दाबाच्या फरकाला किती हवा शिरते ते मोजतात, ती चाचणी करून घ्या. चाचणी चालू असताना घरभर हात फिरवत हिंडा. आमच्याकडे सगळ्यात जोराचा वारा खिडक्यांतून येत नव्हता. माळ्यावर जायच्या झाकणाच्या कडेने आणि छतातल्या दिव्यांच्या भोकांतून येत होता. झाकणाला रबराची पट्टी लावायला अर्धा तास लागला.

डक्ट जुनेच चालतील का?

कदाचित. ते तपासल्याशिवाय हो म्हणणाऱ्याला मी काम देणार नाही. साधारण घरांच्या डक्टमधून २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून गळते. डक्ट माळ्यावरून किंवा घराखालच्या थंड पोकळीतून जात असतील तर ती उष्णता वायाच गेली. सांधे मास्टिकने (फटी बुजवायच्या चिकट लुकणाने) लिंपावेत. डक्ट टेप नावाची जी टेप मिळते ती नेमकी डक्टवरच टिकत नाही, हा एक विनोदच आहे.

हीट पंपाला जास्त हवा फिरवावी लागते. अरुंद डक्टमधून ती कोंबली तर पंखा घोंघावतो आणि वीज खातो. म्हणून डक्टमधला दाब मोजायला सांगा. बऱ्याचदा परतीच्या हवेची एखादी जाळी वाढवली की भागतं. डक्टला पांढरं, कापडासारखं जुनं आवरण गुंडाळलेलं दिसलं तर ते ओरबाडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी नमुना तपासून घ्यायचा.

गॅसचा गीझर त्याच चिमणीला जोडलेला आहे. काही अडचण?

आहे, आणि ही कुणी आपणहून सांगत नाही. जुनी फर्नेस आणि गॅसची पाणी तापवायची टाकी बहुतेक घरांत एकाच चिमणीत धूर सोडतात. फर्नेस गेली, किंवा कंडेन्सिंग फर्नेस आली (तिचा धूर प्लॅस्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर जातो), की त्या भल्यामोठ्या चिमणीत एकटा गीझर उरतो. त्याच्या थोड्याशा धुराने ती तापत नाही, ओढ बसत नाही. धूर वर जायच्या ऐवजी बेसमेंटमध्ये उतरतो, नाहीतर चिमणीच्या आत पाणी सुटून विटा भुसभुशीत होतात.

एका मित्राकडे नवी फर्नेस बसल्यावर आम्ही उदबत्ती लावून बघितली. गीझर पेटवला, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा पंखा चालू केला, दारं-खिडक्या लावल्या आणि टाकीच्या वरच्या झाकणीशी उदबत्ती धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ आमच्या तोंडावर आला. त्याच दिवशी गीझर बंद केला. उपाय दोन: चिमणीत लहान मापाचा पाइप घालून घ्या किंवा गीझरही बदला. कोटेशनमध्येच याचा उल्लेख मागा.

कंडेन्सिंग फर्नेसचं पाणी कुठे सोडायचं?

निचऱ्याच्या पाइपात, पण ते आम्लयुक्त असतं, पीएच साधारण ३ ते ५. वाटेत चुनखडीचे किंवा संगमरवराचे तुकडे भरलेली नळी बसवतात. तुकडे झिजतात, दरवर्षी बघावे लागतात. पाइप बाहेरून नेला तर गोठतो आणि फर्नेस बंद पडते.

फर्नेस आणि हीट पंप दोन्ही ठेवता येतील?

येतात. वर्षातले बहुतेक दिवस पंप चालतो आणि बाहेर ठरावीक तापमानाखाली गेलं की फर्नेस हाती घेते. वीज महाग आणि हिवाळा कडक असेल तिथे हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. जुनी फर्नेस अजून आठ-दहा वर्षांचीच असेल आणि एसी मरायला टेकला असेल, तर एसीच्या जागी हीट पंप घ्या, कारण तो उन्हाळ्यात थंडही करतो. कुठल्या तापमानाला अदलाबदल करायची ते मात्र वर सांगितलेल्या दरांच्या हिशेबाने ठरवा. बसवणारे अनेकदा ते सवयीने ५ अंशांवर ठेवून जातात आणि पंप निम्मा हिवाळा नुसता उभा राहतो.

सिंगल-स्टेज, टू-स्टेज, मॉड्युलेटिंग: जास्त पैसे द्यावेत का?

सिंगल-स्टेज एकाच जोराने जळते. टू-स्टेज बहुतेक वेळ कमी आचेवर. मॉड्युलेटिंग गरजेप्रमाणे आच कमी-जास्त करते. माझं मत: माप अचूक असेल तर टू-स्टेज पुरते. पैसे घालायचेच तर इलेक्ट्रॉनिक मोटरच्या पंख्यात घाला. जुन्या मोटरच्या निम्म्याहून कमी विजेत ती तेवढंच काम करते, आणि आवाज तर विचारूच नका.

रात्री थर्मोस्टॅट कमी करून ठेवावा का?

फर्नेस असेल तर खुशाल. हीट पंप असेल तर एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको. सकाळी एकदम पाच अंश चढवायला सांगितलं की मदतीला ठेवलेला विजेचा हीटर चालू होतो आणि रात्री वाचवलेलं सकाळी जातं. नव्या थर्मोस्टॅटला बहुधा एक जास्तीची तार लागते, सी-वायर. भिंतीत ती आहे का ते आधी बघून ठेवा.

वीज गेली तर हीट पंप बंद पडेल ना?

पडेल. गॅसची फर्नेसही पडते. तिचा पंखा आणि कंट्रोल बोर्ड विजेवरच चालतात.

आमच्याकडे डक्ट नाहीत, बॉयलर आणि रेडिएटर आहेत.

मग एक प्रयोग करा. थंड दिवशी बॉयलरच्या पाण्याचं तापमान ५० अंशांवर आणा आणि घर उबदार राहतं का बघा. राहिलं तर घर हीट पंपासाठी तयार आहे. रेडिएटर ७० ऐवजी ४५ अंशांवर चालवला तर त्याची ताकद निम्म्याहून खाली येते, म्हणून एखाद्या खोलीत मोठा रेडिएटर लागेल. खोलीच्या फरशीखालून गरम पाणी फिरवणाऱ्या पाइपांना ३५ अंशही पुरतात. आणि कंडेन्सिंग बॉयलर आधीच असेल तर हे तापमान कमी करणं आजच करा: परतीचं पाणी ५५ च्या वर असेल तर त्यात वाफेचं पाणी होतच नाही, आणि मग कंडेन्सिंगचे घातलेले पैसे पाण्यात.

जमिनीतून उष्णता घेणारा पंप जास्त चांगला ना?

कार्यक्षमतेत हो. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं, त्यामुळे ऐन थंडीतही सीओपी फारसा पडत नाही. पण खणायचा किंवा बोअर मारायचा खर्च मोठा, आणि जागा हवी.

रेफ्रिजरंट कोणता हे बघायची गरज आहे का?

आहे. वर्षानुवर्षं चालत आलेला आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापमानवाढ करतो. आर-३२ चा आकडा ६७५, प्रोपेनचा एक आकडी. असे वायू कमी करण्यासाठी झालेल्या २०१६ च्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारानंतर जास्त आकड्यांचे वायू मागे पडत चालले आहेत. जुना वायू असलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर दहा वर्षांनी तो वायू भरायला मिळेल का, हा विचार करा. आर-३२ थोडासा ज्वलनशील आहे आणि प्रोपेन चांगलाच, त्यामुळे जागा आणि जोडणी यांचे नियम पाळणाराच माणूस हवा.

कोटेशन घेताना काय विचारू?

उष्णतेच्या गरजेचा हिशेब लेखी मागा. देत नसेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही. मग जुनं यंत्र उचलून नेणार का, परवाना कोण काढणार, चिमणीचं काय, विजेच्या पॅनलवर एवढा भार झेपेल का, हे विचारा.

बसवल्यानंतरच्या तपासण्याही आधीच ठरवून घ्या, कारण चांगलं यंत्र वाईट बसवलं जाणं हीच सगळ्यात मोठी गळती. फर्नेस असेल तर गॅसचा दाब, जाणाऱ्या धुराचं विश्लेषण आणि हवा किती अंशांनी तापते ते मोजून कागदावर लिहून द्यायला हवं. हीट पंप असेल तर नळ्या जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपाने ओढून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं माप) खाली नेतात आणि तो टिकतो का बघतात. याला वेळ लागतो. संध्याकाळ झाली की हेच काम उरकलं जातं. मी गेजसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. बसवणाऱ्याला ते आवडलं नाही.

फर्नेसच्या जागी फर्नेस एका दिवसात होते. हीट पंपाला दोन-तीन दिवस धरा.

नवा हीट पंप थांबतच नाही. बिघडलाय का?

हा फोन दर हिवाळ्यात येतो. सौम्य थंडीतही जोरात चालत असेल किंवा घर तापतच नसेल तर आधी फिल्टर बघा, मग डिफ्रॉस्ट होतो का ते. पण कडाक्याच्या थंडीत तो न थांबता हळूहळू चालत असेल आणि घर २० वर असेल, तर माप बरोबर बसलं आहे. पहिल्या हिवाळ्यात बाहेर उणे १६ झालं तेव्हा मीही तीच वही घेऊन पुन्हा त्याच पायरीवर बसलो. दोनला वेळ लिहिली. पाच वाजेपर्यंत यंत्र एकदाही बंद झालं नाही, आणि त्या पानावर त्या एका नोंदीपुढे काही लिहायची वेळच आली नाही.